तीन वर्षांचे पुढारी

कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या संगतीत सगळ्यात जुनाजाणता माणूस एकवीस वर्षांचा असतो. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, की या सेवेतल्या निम्म्या अडचणींचा उलगडा होतो. मंडळीत, म्हणजे नेहमीच्या चर्चमध्ये, चाळीस-चाळीस वर्षं एकाच बाकावर बसणारी माणसं असतात. मागच्या पाळकांनी काय ठरवलं होतं, कोणता उपक्रम का बंद पडला, हे त्यांना तोंडपाठ असतं. कॅम्पसवरच्या गटाला अशी आठवणच नसते. पहिल्या वर्षी मूल बुजत-बुजत येतं, दुसऱ्या वर्षी रुळतं, तिसऱ्या वर्षी लीडर होतं आणि आता कुठे काम कळायला लागलं म्हणेपर्यंत शेवटचा पेपर देऊन निघून जातं. दर तीन-चार वर्षांनी गट पुरता नवा होतो. एखादी तुकडी पुढची माणसं न घडवता गेली, तर तिथे कधी काही होतं याचा मागमूस राहत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप तेवढा उरतो आणि नाताळला त्यात कुणीतरी शुभेच्छा टाकतं.

मी बरीच वर्षं अशा गटांबरोबर काम करते आहे. मुलं मला ताई म्हणतात. कागदोपत्री माझ्या हुद्द्याला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण काम एकच: आजच्या लीडरांच्या सोबत राहून उद्याचे तयार होताहेत की नाही ते पाहणं. भेटणारा जो तो विचारतो, "सध्या किती मुलं येतात?" या प्रश्नाचं मला कधीच फारसं अप्रूप वाटलं नाही. चांगला गायक आला की आकडा वाढतो, परीक्षा आली की घटतो. दुसऱ्या वर्षातली कोणकोण मुलं बायबल स्टडी घेताहेत ते विचारा, म्हणजे गटाची तब्येत कळेल.

निवडीच्या वेळी डोळे दिपतात ते दोन प्रकारच्या मुलांमुळे. एकाला फर्डं बोलता येतं आणि दुसऱ्याला गिटार वाजवता येते. दोघांवरही माझा राग नाही. गिटारवाल्याशिवाय तर आमची आराधना सुरूच होत नाही. पण या दोन गुणांचा आणि माणसं सांभाळण्याचा काही संबंध असेल, असं मला आजवर तरी दिसलेलं नाही. मोशेला धड बोलता येत नव्हतं, तसं त्याने देवाला स्वच्छ सांगितलं होतं. पुढे त्याच मोशेला त्याचा सासरा इथ्रो सल्ला देतो, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसू नकोस, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. कशी माणसं? कर्तबगार, देवाला भिणारी, खरं बोलणारी, लाचेचा तिटकारा असणारी. या यादीत वक्तृत्व नाही. आणि मला सगळ्यात आवडतो तो त्यातला दहांचा नायक. आमच्या कामात शंभरांचे नायक लागतच नाहीत. दहा जणांची नावं, त्यांचे विषय, त्यांच्या घरची काळजी लक्षात ठेवणारा एक मिळाला, की देवाचे आभार मानावेत.

म्हणून मी सभा चालू असताना कमी आणि संपल्यावर जास्त बघते. आज कोण आलं नाही, हे कुणाच्या लक्षात आलं? नवीन आलेला मुलगा दाराशी उभा आहे, त्याच्याकडे कोण वळलं? सूचना नाकारली गेली तेव्हा कुणाचं तोंड पडलं आणि किती दिवस पडलेलं राहिलं? 'मी फोन करतो' म्हणणाऱ्यांपैकी खरोखर फोन कुणी केला? या खुणा बारीक आहेत, पण त्या सहसा फसवत नाहीत. आणखी एक सांगते, कुणाला झोंबलं तरी हरकत नाही. बऱ्याच गटांत फोन करणं, आजारी मुलीला भेटायला जाणं, नवीन मुलांची यादी ठेवणं, ही कामं मुली करतात आणि अध्यक्ष म्हणून नाव मुलाचं लागतं. सुरुवातीच्या मंडळीतला उपदेशक अपुल्लोस एवढा विद्वान, शास्त्रात निष्णात. पण त्याच्या शिकवणुकीत उणीव होती, तेव्हा त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला होती आणि नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्या प्रसंगी तिचं नाव नवऱ्याच्या आधी येतं. हा उतारा आमच्याकडे अभ्यासाला घेतात खरा, पण कमिटी निवडायच्या दिवशी तो कुणाला आठवत नाही.

नुकत्याच विश्वासात आलेल्या मुलाला लगेच पुढे करण्याचा मोहही असाच. त्याची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो याची गोष्ट, ताजी असते, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या हातात माइक येतो. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना हे साफ मना केलं आहे, तो गर्वाने फुगेल म्हणून. मला गर्वापेक्षाही दुसऱ्या गोष्टीची भीती वाटते. त्या मुलाला प्रश्न विचारण्याची उसंतच मिळत नाही. साक्ष देता देता त्याचा विश्वास एका गोष्टीत गोठून जातो आणि पुढे मनात शंका आली, की ती गोष्ट मोडेल या धाकाने तो गप्प बसतो.

चार्ल्स सिमियन या इंग्लंडमधल्या पाळकाचं चरित्र मी लीडर होणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मुलांना तो जुनाट वाटतो, हे मला ठाऊक आहे. १७७९ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकायला आला. कॉलेजचा नियम असा, की विद्यार्थ्याने प्रभुभोजन घेतलंच पाहिजे. आपण त्या लायक नाही या धास्तीने तो वाचू लागला, झुरू लागला आणि त्याच ईस्टरला त्याचं आयुष्य पालटलं. त्याच्यासारखा विचार करणारा एकही सोबती त्याला पुढची काही वर्षं भेटला नाही. १७८२ मध्ये तो त्याच गावातल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये रुजू झाला, आणि तिथल्या लोकांना तो नको होता. त्या काळी चर्चमधल्या बाकांना दारं असत. लोकांनी आपापल्या बाकांना कुलपं घातली आणि स्वतः यायचं बंद केलं. ऐकायला येणारे मधल्या वाटेत उभे राहू लागले. सिमियनने पदरच्या पैशांनी बाकं आणून ठेवली, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून अंगणात फेकली. विद्यार्थी टिंगल करायचे. त्याच्याकडे जाणाऱ्यांना 'सिम' म्हणून चिडवायचे. हा माणूस तिथेच राहिला. १८३६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ५४ वर्षं, एकाच चर्चमध्ये.

मुलांना यातला चिवटपणा भावतो. मला भावतात त्याच्या खोल्या. शुक्रवारी संध्याकाळी तो आपल्या कॉलेजातल्या खोल्या विद्यार्थ्यांसाठी उघड्या ठेवायचा. चहा व्हायचा आणि ज्याला जे विचारायचं ते त्याने विचारायचं. त्याखेरीज उपदेश कसा रचावा याचे तो वर्ग घ्यायचा. तेव्हाच्या विद्यापीठात पाळक होणाऱ्याला हे कुणी शिकवत नसे, त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. एक वचन द्यायचं, त्यावर मुलांनी आराखडा करून आणायचा आणि मग तो प्रत्येकाचा आराखडा सोलून काढायचा. त्याच्या हाताखालून गेलेल्यांत हेन्री मार्टिन होता. गणितात केंब्रिजचा पहिला, १८०१ सालचा सीनियर रँग्लर. तो सिमियनचा सहायक झाला, १८०५ मध्ये जहाजाने भारताकडे निघाला, उर्दू आणि फारसी नव्या करारावर काम करून १८१२ मध्ये तुर्कस्तानातल्या तोकात इथे वारला, तेव्हा त्याचं वय ३१ होतं. मार्टिनचं चित्र सिमियनने आपल्या खोलीत लावलं होतं. तो म्हणे, हा माझ्यावरची नजर हटवत नाही, सारखा सांगत असतो, गंभीर राहा, वेळ वाया घालवू नकोस. चेल्याचं चित्र गुरूला दटावतं आहे, ही कल्पना मला फार आवडते. मार्गदर्शक म्हणवणाऱ्यांच्या भिंतीवर बहुधा त्यांच्या स्वतःच्या गुरूंचे फोटो असतात.

आता प्रत्यक्ष शिकवणं म्हणजे काय, ते सांगते. शिबिरं होतात, वह्या वाटल्या जातात, 'नेतृत्वाचे गुण' या विषयावर पाहुणा बोलून जातो. त्याने काही बिघडत नाही. पण मुलं घडतात ती आठवड्याच्या साध्या बायबल स्टडीत, तीसुद्धा त्यांनी स्वतः घेतलेल्या.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायावर अभ्यास घेत होती. चार जण पक्षाघाती माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडतात, तो उतारा. तयारी चोख होती. आधी काय दिसतं, मग त्याचा अर्थ काय, मग आपण काय करायचं, या क्रमाने तिने प्रश्न लिहून आणले होते. तिने विचारलं, "येशूने कुणाचा विश्वास पाहिला?" चांगला प्रश्न होता, कारण त्या वचनात 'त्यांचा' असा शब्द आहे आणि वाचताना तो सहज निसटतो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणीतरी पान उलटलं. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. माझा जबडा आवळला गेला, कारण मला उत्तर द्यायचा मोह होत होता. मुलीने कागदाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाली, "म्हणजे त्या चार मित्रांचा विश्वास, बरोबर ना?" सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं आणि पुढचा तासभर हेच चाललं. ती विचारत होती, तीच सांगत होती, बाकीचे होकार भरत होते.

नंतर आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. मी कौतुकाने सुरुवात केली नाही. आधी कौतुक, मग 'पण', हा साचा मुलांना आता पाठ झाला आहे. कौतुक चालू असतानाच ती 'पण'ची वाट बघत असतात. मी विचारलं, "ती शांतता झाली तेव्हा तुला काय वाटत होतं?" ती म्हणाली, "ताई, मला वाटलं माझा प्रश्नच चुकला." मग आम्ही त्या गप्प बसलेल्या एकेकाबद्दल बोललो. एक जण तो उतारा आयुष्यात पहिल्यांदा वाचत होता, त्याला वेळ हवा होता. एकीला उत्तर ठाऊक होतं, पण दर वेळी आपणच बोलतो म्हणून ती थांबली होती. एकाचं लक्षच नव्हतं, त्याच्या घरी काहीतरी घडलं होतं आणि त्याचं कारण आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. शांतता एकच, पण तिच्यात इतकी वेगवेगळी माणसं होती. त्या मुलीला हे कुठल्याही वहीतून कळलं नसतं.

पुढच्या वेळी तिने प्रश्न विचारला आणि ओठ घट्ट मिटून बसून राहिली. बराच वेळ गेला. मग मागे बसलेला एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, "त्या पक्षाघाती माणसाला स्वतःला यायचं होतं का, हे कुठे लिहिलंय?" सगळे खाली उताऱ्यात शोधू लागले. लिहिलेलं नाहीच. लीडर मुलगी गोंधळली, माझ्याकडे बघू लागली. मी खिडकीकडे बघत राहिले. शेवटी ती म्हणाली, "मला माहीत नाही. आपण परत वाचू या." त्या दिवशी पहिल्यांदा मुलं वेळ संपल्यावरही बोलत बसली होती.

'मला माहीत नाही' हे वाक्य गटासमोर म्हणता येणं, ही माझ्या लेखी सगळ्यात उपयोगी तयारी. ते येत नसेल तर मुलगा पाठांतरातून उत्तरं देत राहतो आणि ऐकणाऱ्यांना वाटतं की विश्वास म्हणजे उत्तरं असणं. १९१० मध्ये केंब्रिजच्या ख्रिस्ती विद्यार्थी संघाने त्या काळच्या मोठ्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीपासून फारकत घेतली, ती पवित्र शास्त्राचा अधिकार आणि ख्रिस्ताचं मरण अशा गाभ्याच्या विषयांवरून. वाद कुणाचा बरोबर यावर अजून लिहिलं जातं. मला त्यातलं एवढंच दिसतं, की निर्णय घेणारे विद्यार्थी होते आणि आपण काय मानतो आणि का मानतो हे त्यांना स्वतःला सांगावं लागलं. त्यांच्या वतीने ते कुणी सांगितलं नाही. आमच्या मुलांवर अशी वेळ आली तर ती मला फोन करतील, अशी मला धाकधूक असते.

डॉसन ट्रॉटमन या अमेरिकन सुवार्तिकाची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १९३३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'वेस्ट व्हर्जिनिया' जहाजावरच्या लेस स्पेन्सर नावाच्या खलाशाला तो बायबल शिकवत होता. स्पेन्सर आपल्या एका सोबत्याला घेऊन आला आणि म्हणाला, यालाही शिकव. ट्रॉटमनने नकार दिला. मी तुला शिकवलं तसं तू त्याला शिकव. तुला ते जमत नसेल तर माझं शिकवणं फसलं. त्यातून पुढे नॅव्हिगेटर्स ही संस्था उभी राहिली. पौलाने तीमथ्याला लिहिलेलं तेच तर आहे: तू माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ती इतरांना शिकवतील. एका वाक्यात चार पिढ्या. या वचनावर भाषणं अमाप होतात. अवघड जातं ते दारात आलेल्या मुलाला 'मी नाही, तो शिकवेल' असं सांगणं, कारण आपण शिकवलेलं बरं होईल याची आपल्याला खात्री असते, आणि बऱ्याचदा ती खरीही असते.

१९४७ मध्ये हार्वर्डला दहा देशांच्या विद्यार्थी चळवळींनी मिळून आयएफईएस हा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. कॅम्पसवरचं काम विद्यार्थ्यांनीच चालवायचं, नेमलेल्या माणसाने त्यांना हात द्यायचा, ही त्या परंपरेची रीत. आमच्यासारख्यांना ती मनापासून मान्य असते आणि रोज मोडाविशी वाटते. पोस्टरवरचं शुद्धलेखन चुकलेलं असतं. वक्ता ऐनवेळी ठरतो. हिशेबात थोडे पैसे जुळत नाहीत. हात शिवशिवतात. मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: ज्या चुकीने कुणाला इजा होणार नाही, ती होऊ द्यायची. पोस्टर चुकू दे. हिशेब मात्र चुकू द्यायचा नाही. पैशांबाबत पहिल्या महिन्यापासून दोन सह्या, पावती आणि सगळ्यांसमोर वाचन. विशीत लागलेली हिशेबाची सवय पन्नाशीत मंडळीचा कारभार हातात आल्यावर उपयोगी पडते, आणि न लागलेली सवय तेव्हाच नडते.

एकेकट्याने भेटणं हा या कामातला सगळ्यात मोठा भाग आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. दोन माणसं बोलत बसलेली असतात, एवढंच. मी प्रार्थनेपासून सुरुवात करत नाही. झोप किती होते? अभ्यास कुठे आला? घरी शेवटचं कधी बोललास? हे विचारते. सेवेच्या नावाखाली अभ्यास बुडवणारा लीडर मला चालत नाही, यावर मुलांचं आणि माझं दर वर्षी वाजतं. कुणीतरी म्हणतंच, "ताई, देवाच्या कामापेक्षा परीक्षा मोठी का?" माझं म्हणणं असं, की तू इथे विद्यार्थी म्हणून आला आहेस, प्राध्यापकांसमोर आणि वर्गातल्या मुलांसमोर तुझी साक्ष आधी त्या वर्गातच आहे. नापास झालेल्या लीडरकडे बघून पहिल्या वर्षाची मुलं काय शिकतील? त्यांच्या आईवडिलांचं तर सोडाच.

पण याच एकांतातल्या बैठकीत सगळ्यात मोठा धोकाही आहे. वीस वर्षांचं मूल घरापासून लांब असतं, कुणीतरी आपल्याला मनापासून ऐकून घेतं याचं त्याला नवल वाटतं. आपण काहीही सांगितलं तरी ते ऐकेल, अशी अवस्था असते. त्यात आपण 'देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं' असं म्हटलं, की त्याच्यापाशी उत्तर देण्याची सोयच उरत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'शेफर्डिंग' नावाची चळवळ फोफावली. प्रत्येकाचा एक आत्मिक मेंढपाळ, आणि नोकरी, लग्न, घर अशा बाबतीतही त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, इथवर ती काही ठिकाणी गेली. कॉलेजांतल्या तरुणांचीही त्यात फरपट झाली. चळवळीच्या प्रमुखांपैकी एकाने पुढे जाहीर माफी मागितली. त्या लोकांची सुरुवात वाईट हेतूने झाली नव्हती, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. शिष्य घडवायचे, जवळून घडवायचे, हीच तर त्यांची भाषा होती. आमचीही तीच आहे.

म्हणून लीडरांना काही गोष्टी मी पढवूनच घेते. कुणाला भेटायचं ते उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. कुणी कोणाशी लग्न करावं, कोणती नोकरी घ्यावी, यावर आपला निवाडा द्यायचा नाही. प्रश्न विचारायचे, शास्त्र उघडायचं आणि थांबायचं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधीच देऊन बसायचं नाही, कारण समोरची व्यक्ती जीव देण्याविषयी बोलली किंवा तिच्यावर कुणी हात टाकत असेल, तर ते जबाबदार मोठ्या माणसापर्यंत आणि डॉक्टरपर्यंत पोचवावंच लागतं. प्रार्थना करायची, आणि दवाखान्यातही घेऊन जायचं. औषध घेणाऱ्याचा विश्वास कमी, असं कुणी गटात बोललं तर लीडरने तिथल्या तिथे अडवायचं. आणि शेवटचं, माझ्याविरुद्ध तक्रार करायची झाली तर कुठे करायची, हे त्यांना पहिल्याच बैठकीत सांगून ठेवते. तेव्हा मुलं हसतात. हसू देत.

जो मुलगा मधेच सोडून गेला, त्याचं काय करायचं? मार्क हा तरुण पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या फेरीवर निघाला होता, पण त्यांना पंफुल्यात सोडून घरी परतला. पुढच्या फेरीला त्याला पुन्हा न्यावं, असं बर्णबाचं म्हणणं, पौल ऐकेना. दोघांत एवढं कडाक्याचं भांडण झालं, की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला, म्हणजे सायप्रसला, गेला आणि प्रेषितांच्या कृत्यांतून नाहीसाच झाला. पुढे पौल तुरुंगातून लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या काळात बर्णबाने त्या पोराशी काय बोलणं केलं, किती वेळ दिला, याची एक ओळही लिहून ठेवलेली नाही. कॅम्पसवर तर तीनच वर्षं असतात. पडलेल्याला उठून उभं राहायला तेवढा वेळ पुरेलच असं नाही. आपल्या हाताखाली ते मूल पडलेलंच निघून जातं आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी मंडळीत उपयोगी ठरतं. त्याचं श्रेय आपल्या अहवालात कधीच येणार नाही.

अहवालांवरून आठवलं. जॉन मॉट कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. जानेवारी १८८६ मध्ये तिथे जे. ई. के. स्टड या इंग्लंडच्या क्रिकेटपटू-सुवार्तिकाचं भाषण झालं. मॉट उशिरा पोचला आणि आत शिरता शिरता त्याच्या कानावर वाक्य पडलं, स्वतःसाठी मोठ्या गोष्टींच्या मागे लागू नकोस, आधी देवाचं राज्य शोध. त्याच्या चरित्रात हे वाक्य गाजलं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा दिवस, जेव्हा तो स्टडला एकट्याने जाऊन भेटला आणि स्टडने त्याच्यासाठी वेळ काढला. त्याच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला सुमारे अडीचशे विद्यार्थी जमले आणि शिबिर संपता संपता त्यांतल्या शंभर जणांनी मिशनरी होण्याची तयारी दाखवली. तिथे सतत माणसांना जोडत फिरणारा रॉबर्ट वाइल्डर १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला, हे वाचून मराठी वाचकाची मान थोडी वर होते, माझीही झाली. वाइल्डर नंतर कॉलेजं पालथी घालत हिंडला, पण त्या उत्साहाला बांधून ठेवणारी 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' ही संघटना १८८८ मध्ये उभी राहिली, आणि तिचा अध्यक्ष झाला तो मॉट. १८९५ मध्ये त्याने स्वीडनमधल्या वाडस्टेनाला जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९४६ मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं. स्टडने त्या दिवशी अहवाल लिहिला असता, तर 'एक विद्यार्थी भेटायला आला' याहून जास्त काय लिहिलं असतं?

हस्तांतराबद्दल थोडं, कारण त्याकडे कुणी लक्ष देत नाही. शेवटच्या परीक्षेच्या आधल्या आठवड्यात चावी, वही आणि पासवर्ड देऊन टाकणं म्हणजे हस्तांतर नव्हे. आमच्याकडे नवी कमिटी एक अख्खं सत्र आधी सूत्रं हातात घेते आणि जुने लीडर त्या सत्रात साधे सभासद म्हणून बसतात. हे जुन्यांना फार जड जातं. आपण तीन वर्षं सांभाळलेली शुक्रवारची प्रार्थनासभा नव्यांनी मंगळवारी सकाळी नेली, की मला फोन येतो, "ताई, तुम्ही त्यांना काही बोलत का नाही?" मी म्हणते, तुम्हीच निवडलं आहे त्यांना, जाऊन त्यांच्याशी बोला. काही जातात. काही रुसतात. मंगळवारची सभा कधी चांगली चालते, कधी बंद पडते आणि मग नवी मुलं पुन्हा शुक्रवारवर येतात, जणू तो त्यांनीच शोधून काढला.

वहीत काय असावं, हे मात्र मी ठरवून दिलं आहे. सभागृहाची परवानगी कुणाकडे मागायची, गेल्या वर्षी कोणत्या वक्त्यांना बोलावलं, खात्यात किती पैसे, हे तर आहेच. त्याच्या पुढे एक पान असतं: यायची बंद झालेली मुलं. प्रत्येकाचं नाव, वर्ष, शेवटचं कोण भेटलं, त्या मुलाची हरकत नसेल तर कारण. त्यांना ओढून आणा, असं त्यात लिहायचं नाही. वाटेत भेटली तर नावाने हाक मारता यावी, एवढ्यासाठी ते पान.

जाणाऱ्यांची खरी परीक्षा पुढेच असते. गटात सगळे समवयस्क, सगळे उत्साही, गाणी आवडीची. नोकरीच्या गावी रविवारी मंडळीत गेलं, तर शेजारी म्हातारी माणसं, मागे रडणारी तान्ही पोरं, संथ गीतं, आणि याला कुणी माइक देत नाही. कॅम्पसवर लीडर असलेली कितीतरी मुलं याच वर्षी गळतात. ती गळाली तर आम्ही लीडर घडवले नाहीत, एका गटात रमणारी मुलं तेवढी घडवली, असं मला सरळ म्हणावंसं वाटतं. यावर माझ्यापाशी पक्का उपाय नाही. हल्ली शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी सांगते, आत्तापासूनच जवळच्या एखाद्या मंडळीत दर रविवारी जा. कोणतीही जबाबदारी मागू नका. दोन वृद्ध माणसांची नावं लक्षात ठेवा आणि पुढच्या आठवड्यात मला सांगा. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकच नाव सांगतात, तेही पाळकांचं.